चौथा उतारू

१

मुंबईत प्लेगाची साथ यायला अजून दोन-तीन वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. परळच्या गिरण्यांमागच्या एका चाळीत दमयंती कोळीण राहायची. ती पहाटे उठायची ती गिरणीच्या भोंग्यानं नाही, तर नवऱ्याच्या खोकल्यानं. भोंग्याच्या आधी खोकला व्हायचा. शेजारणी थट्टेनं म्हणायच्या, "दमयंतीनं घरात कोंबडा पाळलाय." दमयंतीही हसायची. मग पाण्याचा तांब्या घेऊन नवऱ्याच्या उशाशी बसायची आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता तिचं हसू कुठल्या कुठं जायचं.

तिचा नवरा दौलत गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. तिथं हवेत कापूस की कापसात हवा, हे सांगणं कठीण. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं झालेलं. लग्नाच्या वर्षी हाच दौलत शिवडीच्या कोळीवाड्यातून भर वाऱ्यात होडी काढायचा. बापाची होडी फुटली, नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून गिरणीत लागला. आता चाळीचा जिना चढताना त्याला मध्ये बसावं लागत होतं. मासा पाण्याबाहेर काढल्यावर दुसरं काय होणार, असं दमयंतीचं मत होतं आणि ते ती कुणालाही ऐकवायची.

गिरगावातल्या गंगाधर वैद्यांच्या हाताला यश आहे असं तिनं ऐकलं होतं. लालबागच्या बाजारात मासळीची पाटी शेजारणीच्या स्वाधीन करून ती नवऱ्याला तिथं घेऊन गेली. वैद्यांनी त्याच्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

"बाई, माझ्या काढ्यानं छातीतला कापूस निघायचा नाही," ते म्हणाले. "यांना गिरणीतून बाहेर काढा. खाडीवर, नदीवर, मोकळ्या वाऱ्यात ठेवा. तरले तर त्यानंच तरतील."

"आणि नाय काढलं तर?"

वैद्यांनी खलबत्ता जवळ ओढला आणि काहीतरी कुटायला घेतलं.

दमयंतीनं एकदा मनात घेतलं की मग तिला अडवायची कुणाची टाप नव्हती. त्याच संध्याकाळी ती शिवडीला आपल्या धाकट्या भावाकडे, लहूकडे गेली. त्याची एक छोटी होडी होती. "होडी काढ," ती म्हणाली. "ठाण्यापलीकडं उल्हास नदीत शिरायचं, कल्याणच्या वर गोडं पाणी लागेपर्यंत जायचं. काठाला राहायचं, होडीत झोपायचं. यांच्या छातीत वारा भरला की परत."

"बाय, हे मासळीचे दिवस हायत," लहू म्हणाला. लहानपणापासून तो तिला बायच म्हणायचा. "होडी काठाला बांधून मी काय नदी बघत बसू?"

"वल्हव तू. नदी मी बघते."

लहूनं थोडा वेळ डोकं खाजवलं आणि होडीची गळती बुजवायला घेतली.

२

दिवाळी सरली होती. शिवडीच्या किनाऱ्यावर सकाळची भरती लागली, तेव्हा लहू कमरेइतक्या पाण्यात होडी धरून उभा होता. दौलत काठावर बसून खोकत होता. दमयंती अंथरुणं, तांदूळ, सुके बोंबील, मडकी असं सगळं होडीत टाकत होती.

"तिघंच हाय आपण," लहू एकाएकी म्हणाला.

तीन तिघाडा, काम बिघाडा. हे काय कोळ्यांनाच ठाऊक असतं असं नाही. पण जमिनीवर काम बिघडलं तर माणूस घरी परत येतो, पाण्यावर बिघडलं तर येत नाही, म्हणून कोळी ते जास्त मानतात. यावर उपायही जुनाच आहे. तिघं निघाले की एक दगड सोबत घ्यायचा. तो चौथा. लहूच्या घरात तर त्याची पुरती रीत होती. चौथ्याला बसायला जागा द्यायची, जेवताना पहिला घास त्याच्यापुढं ठेवायचा, आणि परतल्यावर जिथून उचलला तिथंच टाकून द्यायचा.

दमयंतीनं पायाजवळचा एक काळा, गुळगुळीत दगड उचलला. नारळाएवढा होता. धुतला, पदरानं पुसला.

आता नावं घ्यायची. तीही रीतच. लांबच्या वाटेला निघताना सगळ्यात थोरल्यानं एकेकाचं नाव घेऊन 'चढ' म्हणायचं. त्यानं 'आलो' म्हणायचं आणि मगच पाय उचलायचा. चौथा शेवटी, बिननावाचा. म्हणजे पाण्याला कळतं की कोण कोण त्याच्या अंगावर आहे आणि कोणाला परत द्यायचं. थोरला दौलत होता. पण त्याला धड श्वास पुरत नव्हता, तो नावं कुठून घेणार? मग काम दमयंतीकडं आलं.

"लहू, चढ."

"आलो." लहूनं एक पाय होडीत टाकला.

"दमयंती," ती स्वतःलाच म्हणाली, "आले." आणि दगड हातात घेऊन तशीच थांबली. आता नवऱ्याचं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं ते शेवटचं. त्यानंतर चाळीत कुणी विचारलं तरी ती शेजारणीकडं बोट दाखवायची.

"घे ना गो, भरती चाललीय," लहू ओरडला.

"यांचं नाव कसं घेऊ? तू घे."

"भावोजींचं? मी?" लहूनं जीभच चावली.

आजारी माणूस गारठ्यात बसलेला, भरतीची वेळ निघून चाललेली. दमयंती चिडली. नाव न घेताच तिनं "चढा" म्हटलं आणि हातातला दगड होडीच्या पुढच्या टोकाला ठेवायला वाकली.

"आलो," उत्तर आलं.

तिनं दगड ठेवला. मग दोघांनी मिळून दौलतला उचलून आत घेतलं आणि लहूनं होडी ढकलली. किनाऱ्यावरची घरं लहान व्हायला लागली, तेव्हा कुठं तिच्या मनात आलं की तो 'आलो' किती स्वच्छ होता, एका दमात म्हटलेला. दौलत तर तेव्हा गुडघ्यात डोकं घालून खोकत होता. खोकता खोकताही माणूस एखादा शब्द बोलतो, तिनं स्वतःला सांगितलं, आणि वल्हं हातात घेतलं.

३

लहानपणी ती बापाबरोबर वल्हवायची, पण त्याला आता किती तरी वर्षं झाली होती. पहिल्या दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. तरीही तिला बरं वाटत होतं. मागं गिरण्यांची धुराडी दिसेनाशी झाली आणि दोन्ही बाजूंना तिवरांची गर्दी सुरू झाली. पाणी चढलं की तिवरं कमरेइतकी बुडायची, उतरलं की मुळं उघडी पडून चिखलात खेकडे पळायचे. बगळे एका पायावर उभे राहून होडीकडं बघायचे आणि यांच्यात काही घेण्यासारखं नाही हे कळलं की मान फिरवायचे. वाऱ्याला खारा, कुजका, ओळखीचा वास होता. परळच्या चाळीत राहून आपण हा वास विसरलो कसे, याचं दमयंतीला नवल वाटलं. तिला रडूच आलं, आणि लहूनं बघू नये म्हणून तिनं तोंडावर पाणी मारलं.

भरतीबरोबर वर जायचं, ओहोटी लागली की काठाला बांधून थांबायचं, असा क्रम होता. जेवताना पहिला घास ती दगडापुढं ठेवायची. लहू म्हणायचा, "चौथा बरा हाय. वल्हवत नाय, पण बोलतही नाय."

"तुझ्यापेक्षा बराच," दमयंती म्हणायची.

होडी मात्र जड चालली होती. लहूनं दोनदा तळ तपासला. पाणी शिरलेलं नव्हतं. पुढचं टोक बोटभर खाली झुकलेलं होतं, जणू तिथं सामान रचलंय. तिथं त्या दगडाशिवाय काही नव्हतं. ओलं लाकूड जड होतं, लहू म्हणाला. ते खरंच होतं.

ठाण्याला आगगाडीच्या पुलाखालून गेले तेव्हा वरून गाडी धडधडत गेली. तो आवाज विरला आणि दमयंतीला जाणवलं की सकाळपासून दौलत एकदाही खोकला नव्हता. तो मध्ये फळीवर ताठ बसून पाण्याकडं बघत होता.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"हलकं," तो म्हणाला.

४

पुढं नदी लागली. पाण्याचा खारेपणा कमी होत गेला, तिवरं संपली आणि काठाला बाभळी, करंज, उंबर दिसायला लागले. कल्याणच्या वर तर पाणी ओंजळीनं उचलून प्यावं असं. तिथं एका वाळूच्या पट्ट्यावर त्यांनी मुक्काम केला. सकाळी पाण्यावर धुकं असायचं, ते उन्हानं हळूहळू उठायचं, आणि खंड्या पक्षी निळा चमकून पाण्यात पडायचा. भोंगा नाही, मुकादम नाही. लहू गळ टाकून बसायचा आणि गोड्या पाण्यातल्या माशांना चव नाही म्हणून कुरकुरत सगळ्यात जास्त तोच खायचा.

आणि दौलत बरा होत होता. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्याच्या गालावर तजेला आला, खांदे भरले. एका सकाळी त्यानं न विचारता लहूच्या हातातलं वल्हं घेतलं आणि होडी प्रवाहाविरुद्ध अशी रेटली की लहू बघतच राहिला.

"हाताला विसरत नाय ते," लहू म्हणाला.

दमयंती त्या दिवशी मनातल्या मनात वैद्यांच्या पाया पडली. तिनं ठरवूनही टाकलं की परतल्यावर गिरणीचं नाव नाही. चाळ सोडायची, शिवडीत झोपडं बांधायचं, होडी भाड्यानं घ्यायची. मासळी तो आणेल, ती विकेल. हे सगळं ती दौलतला सांगत होती आणि तो ऐकत होता.

"दमयंती," तो म्हणाला.

ती दचकली. लग्न झाल्यापासून त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "अगो" म्हटलं की ती यायची, आणि फार प्रेमात आला तर "अगो ऐकलंस का." नाव घेतल्यावर तिचे कान लाल झाले. नदीनं या माणसाला पुन्हा नवरदेव केलं की काय?

"एकदा माझं नाव घे ना," तो म्हणाला.

"इश्श! लहू ऐकेल."

"ऐकू दे. घे एकदा. नुसतं माझ्याकडं बघून घे."

ती हसत उठली आणि भात बघायला गेली. त्यानं तिचा हात धरला होता तिथं मनगट बराच वेळ गार राहिलं. तो नुकताच नदीतून निघाला असेल, असं तिला वाटलं. पण त्याची बंडी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती खोकल्यानं जागी झाली. सवयीनं उठून तांब्याकडं हात नेला. मग थांबली. दौलत तिच्या शेजारी वाळूवर उताणा पडला होता, तोंड मिटलेलं, छाती शांत. खोकला पुन्हा आला. दबलेला, शेवटी शीळ वाजावी तसा श्वास ओढणारा. हा खोकला तिला चाळीतल्या शंभर खोकल्यांतून ओळखू आला असता. तो काठाला बांधलेल्या होडीकडून येत होता, पुढच्या टोकाकडून.

लहू होडीच्या दुसऱ्या टोकाला पाय पोटाशी घेऊन घोरत होता.

ती पाण्यात उतरून होडीपाशी गेली. तिथं दगड होता. त्याच्यापुढं रात्री ठेवलेला भात नव्हता. कावळे उठलेले नव्हते अजून.

५

डोकं ठिकाणावर ठेवणारी बाई होती ती. कोल्हा असाच खोकतो, तिनं स्वतःला समजावलं. भात उंदरानं नेला. पण त्या दिवसापासून ती बघायला लागली, आणि बघायला लागलं की दिसायला लागतं.

दौलत ताट घेऊन बसायचा, भात चिवडायचा आणि "पोट भरलं" म्हणून उठायचा. घास तोंडात जाताना तिनं पाहिला नव्हता. तरी अंगानं तो भरत होता. आजारातून उठलेल्याचं पोट आकसतं, बरं. तो झोपेत कूस बदलत नसे. दमलेला माणूस असाच झोपतो, हेही बरं. प्रत्येक गोष्टीला तिच्याजवळ उत्तर होतं. उत्तरं जास्त झाली, हेच तिला आवडत नव्हतं.

मग ती संध्याकाळ आली. वारा पडला होता आणि नदीवरून डासांचे थवे उठले. लहू शिव्या देत अंगावर फटके मारत होता, दमयंतीनं पदर डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतला. दौलत उघड्या अंगानं बसला होता. त्याच्या पाठीवर, मानेवर एकही डास नव्हता. ते त्याच्याजवळ जात आणि वळून निघून जात, जसे वाळूवरून जात होते.

दमयंतीची नजर होडीकडं गेली. दगड नेहमीपेक्षा काळा दिसत होता. ती जवळ गेली. दगडावर डास बसले होते, गच्च, एकाला लागून एक, सोंडा टेकवून.

तिनं नकळत त्यावर चापटी मारली. हात उचलला तर तळहाताला रक्त लागलं होतं. ताजं, लाल.

हे लहूचं रक्त, तिनं मनाशी म्हटलं. त्याला चावून इथं येऊन बसले. असंच असणार. आणि असं म्हणत असतानाच तिचा हात आपोआप दगडावर टेकला, कारण इतकी वर्षं खोकला थांबल्यावर तो पाठीवर टेकायचा. दगड ऊबदार होता. दिवसभर उन्हात होता, म्हणून. पण उन्हाची ऊब एकसारखी असते. ही कमी-जास्त होत होती.

तिला किनाऱ्यावरची ती सकाळ आठवली. आपण 'चढा' म्हटलं तेव्हा आपल्या हातात काय होतं, आणि 'आलो' कुणी म्हटलं? आणि यांना तर आपण बोलावलंच नाही. यांचं नाव घेतलंच नाही आपण. मग यांच्या जागी चढला तो चौथा, आणि बिननावाच्या दगडात राहिले ते हे? ती होडीच्या काठाला धरून उभी राहिली.

"तो टाकून दे आता," मागून दौलत म्हणाला. तो कधी आला ते पाण्याला कळलं नव्हतं, तिला कुठून कळणार? "इथं डोह खोल हाय. मी बरा झालो. त्याचं काम झालं, दमयंती."

"जिथनं उचलला तिथंच टाकायचा असतो," ती म्हणाली. "रीत हाय."

"मग उद्याच निघू. आणि नाव घेशील ना माझं? उतरताना तरी घ्यावंच लागेल."

ती हो म्हणाली. लहूला तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता किंवा घाबरला असता, आणि दोन्हींचा उपयोग नव्हता. नवऱ्याला बरं करून परत न्यायचं म्हणून ती घरातून निघाली होती. परत न्यायचं, एवढं तिनं पक्कं केलं. कोणाला, ते किनाऱ्यावर गेल्यावर बघू.

६

परतीची वाट ओहोटीची, सोपी. दौलत एकटा वल्हवत होता, न थांबता, न घामेजता. दमयंती पुढच्या टोकाला बसून होती आणि दगडावर तिनं गोधडी घातली होती. दुपारच्या उन्हात गोधडी कशाला म्हणून लहूनं विचारलं, तेव्हा "असू दे" म्हणाली. गोधडीखाली श्वास चालला होता. वर येताना एक शीळ, खाली जाताना एक. तो क्षीण होत होता आणि तिचा जीव खालीवर होत होता. ती अधूनमधून बोटं पाण्यात बुडवून गोधडीखाली न्यायची.

शिवडीला पोचले तेव्हा पाणी पार उतरलं होतं. किनाऱ्यापर्यंत नुसता चिखल, काळा, चकाकता. त्यातून शिंपल्यांनी घट्ट झालेली एकच पायवाट जाते, ती कोळ्यांना माहीत. होडी तिच्या टोकाला टेकली.

दमयंती उभी राहिली. "लहू, उतर."

"उतरलो." तो वाटेवर उभा राहून होडी ओढायला लागला.

"दमयंती, उतरले." गोधडीसकट दगड तिनं उचलून छातीशी धरला आणि वाटेवर पाय ठेवला.

दौलत थांबला नाही. नाव घ्यायच्या आधीच त्यानं दुसऱ्या बाजूला, मऊ चिखलात उडी टाकली. होडी एकदम वर उसळली, गाडीभर सामान उतरल्यासारखी.

"भावोजी, तिकडं नाय!" लहू ओरडला.

दौलत मांडीपर्यंत रुतला होता. त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तो हसून दमयंतीकडं बघत होता. चांगला गोल चेहरा, लग्नातला. "तो टाक," तो म्हणाला. "आणि माझं नाव घे. घे ना."

दमयंतीनं गोधडीचं टोक बाजूला केलं. तोंड दगडाजवळ नेलं. भाऊ समोर, किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणारी माणसं, पाट्या घेऊन चाललेल्या बायका. आयुष्यात तिला एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि एवढी निकडही.

"दौलत," ती मोठ्यानं म्हणाली, "उतर."

चिखलातल्या माणसाचं हसू राहिलं, पण त्यातलं कुणीतरी निघून गेलं. तो कमरेपर्यंत गेला. मग छातीपर्यंत.

"दमयंती, हात दे."

लहूनं वल्हं उचललं. दमयंतीनं दुसऱ्या हातानं ते धरलं आणि सोडलं नाही.

"बाय, भावोजी बुडतायत!"

"ते तुझे भावोजी नव्हेत."

"येडी झालीस काय? सोड! सोड गो!"

सोडावं का? तिच्या डोळ्यांसमोर तेच कपाळ होतं, तीच भुवईवरची खूण. आपण चुकलो असलो तर? डास, उंदीर, कोल्हा, ऊन, सगळ्याला उत्तर होतंच की. उत्तरं खरी असली तर आपण आपल्या हातानं आपलं कुंकू पुसतोय, तेही धडधाकट झालेल्या माणसाचं. वल्हं धरलेली मूठ तिनं तरी उघडली नाही.

चिखल त्याच्या हनुवटीला लागला. मग तोंडाला. त्यानं ते मिटलं नाही. नाकाशी आला तरी तो श्वासासाठी धडपडला नाही, मान उंच केली नाही. नुसता बघत होता. आणि तो दिसेनासा झाल्यावर त्या जागी चिखल सपाट झाला, वर एकही बुडबुडा आला नाही.

लहू तिथंच शिंपल्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

७

दमयंती कधीच बांधावर पोचली होती. गोधडी तिनं नीट गुंडाळून पदराखाली घेतली होती. किनाऱ्यावरची माणसं धावत खाली येत होती आणि लहूला हाका मारून विचारत होती. तो उठला, आणि कुणालाही उत्तर न देता तिच्यामागं आला.

"चाळीत काय सांगणार आता?" त्यानं विचारलं.

"चाळीत जायचंच नाय. परळची हवा यांना सोसत नाय. तुझ्याकडंच राहू, खाडीच्या बाजूला."

लहू तिच्या हातातल्या गोधडीकडं बघत राहिला. जवळ यायचं धाडस त्याला झालं नाही.

"बाय," तो म्हणाला, "काय हाय त्यात?"

"हळू बोल रे," दमयंती म्हणाली. "आता कुठं डोळा लागलाय."

तिनं गोधडीची कड जरा सारखी केली, वारा लागेल इतपत उघडी ठेवली, आणि आजारी माणसाला धक्का लागू नये अशा बेतानं पावलं टाकत ती कोळीवाड्याकडं निघाली.